थेंब लागले

आमच्या काउंटरवर दिवसातून वीसदा ऐकू येणारा शब्द म्हणजे 'लागणं'. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? जरा ऐका तर खरं. औषध लागलं म्हणजे गुण आला. तंबाखू लागली म्हणजे घाम फुटला, डोकं गरगरलं आणि माणूस ओट्यावर आडवा झाला. पातळ औषध कडू लागलं म्हणजे नुसती चव वाईट. हगवण लागली म्हणजे काय ते सांगायला नको. दृष्ट लागली तर आमच्याकडे त्यावर काही मिळत नाही, तरी लोक विचारतातच. औषध देणाऱ्या बाईला हे सगळे अर्थ तोंडपाठ हवेत, आणि मला ते होते. तरीसुद्धा एकदा चुकले, आणि जिच्या बाबतीत चुकायला नको होतं नेमकं तिच्याच बाबतीत चुकले. तेच सांगायला बसले आहे.

मी सरकारी नोकरीत औषधनिर्माण अधिकारी होते. पद ऐकून लोकांना वाटतं, बाई कुठल्या तरी कारखान्यात औषधं बनवत असेल. कसलं काय! सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात खिडकीमागे बसायचं, डॉक्टरांचं अक्षर लावायचं, गोळ्या कागदात बांधायच्या आणि "ही जेवणाआधी, ही जेवल्यावर, ही चावायची नाही" असं दिवसभर ओरडत राहायचं. गावोगावचे लोक मला 'गोळ्यावाली ताई' म्हणत. निवृत्त झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून अमळनेरला भाच्याच्या मेडिकलवर सकाळी दहा ते दोन बसते. भाचा नितीन माझ्यावर वैतागलेला असतो. "आत्या, तुम्ही पोलिसासारखे प्रश्न विचारता. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं." मी म्हणते, जाऊ दे. औषध मागणाऱ्याला दोन प्रश्न विचारायचेच, कुठलं औषध आणि त्यानं काय होतंय. आमच्या धंद्याचं सगळं शहाणपण या दोन प्रश्नांत आलं, बाकी सगळं डब्यावर छापलेलं असतं.

आता आयोडीनकडे येते, कारण माझी निम्मी नोकरी त्याच्यातच गेली. त्या पट्ट्यात मी गेले तेव्हा दर चार घरांआड एकीच्या तरी गळ्याला गाठ दिसायची. गलगंड म्हणतात तो. मातीत आणि पाण्यात आयोडीन कमी, आणि खायला पोत्यातलं खडेमीठ, तेही चुलीशेजारी उघड्या गाडग्यात. शरीराला आयोडीन लागतं ते चिमटीतल्या चिमटीएवढं, पण तेवढंही मिळालं नाही की गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी राबून राबून फुगते. पोटातल्या बाळाचंही नुकसान होतं. उपाय सोपा, पुडीतलं आयोडीनचं मीठ खायचं. पण पुडीतलं मीठ बायकांना पटेना. "ते मिठासारखं लागत नाही," म्हणायच्या. बघा, पुन्हा तोच शब्द.

तिथं मला लीलाअक्का भेटली. ती अंगणवाडी सेविका, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. नोकरीच्या पहिल्या दिवशी गावातल्या सगळ्यांनी मला आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकून काहींनी पाण्याचा तांब्या जरा लांबच ठेवला. अक्कानं आडनाव विचारलं नाही, "जेवनी का?" एवढं विचारलं आणि स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून दिली. तिच्या घरचं मी पुढं किती वर्षं जेवले त्याला गणती नाही.

अक्काच्या स्वतःच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ होती, लहानपणापासूनची. दुसरी एखादी पदर ओढून लपवत बसली असती. ही मीटिंगमध्ये पदर बाजूला करून दाखवायची. "हाई देखा. मन्हासारखं व्हवानं नही आसीन तं पुडीनं मीठ खा." मग मी मीठ तपासायची छोटी बाटली काढायची. पोरं घरून कागदात चिमूटभर मीठ आणत. त्यावर आमच्या बाटलीतला पिठाच्या पाण्याचा एक थेंब टाकला की आयोडीन असेल तर मीठ निळं व्हायचं, नसेल तर पांढरं ते पांढरं. निळं झालं की अक्का ओरडायची, "पास व्हयनं!" आणि पोरं टाळ्या पिटायची. ज्याचं मीठ पांढरं राहायचं ते पोर रडवेलं होऊन घरी जायचं आणि आईच्या मागे लागायचं. सरकारच्या भिंतीवरच्या चित्रांनी जे झालं नाही ते त्या रडक्या पोरांनी केलं. मी तिथून निघेपर्यंत त्या गावात नव्या पोरींच्या गळ्याला गाठ दिसेनाशी झाली होती. नोकरीत मी अभिमानानं सांगावं असं काही केलं असेल तर ते हेच, आणि त्यात अर्धा वाटा अक्काचा.

मग हे थेंबांचं खूळ आलं. गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी ना कोणी येऊन विचारायला लागलं, "ते डिटॉक्सवालं आयोडीन आहे का?" आम्ही नाही म्हणायचो, तर लोक मोबाईलवरून मागवायचे. वर त्या मोबाईलवर एक आख्खं शास्त्रच तयार. आयोडीन घेतलं की शरीरातलं विष सुटतं, ते सुटताना त्रास होतो, आणि जितका त्रास तितकी सफाई. फार त्रास झाला तर मीठपाणी प्या आणि थेंब वाढवा. अहो, हे कसलं शास्त्र! बरं वाटलं तरी औषध चांगलं आणि वाईट वाटलं तरी औषध चांगलंच. मग औषध वाईट आहे हे माणसाला कळायचं तरी कधी?

संक्रांतीच्या महिनाभर आधी आमच्या गल्लीतले एक आबा आले. कापसाचे दलाल, वय सत्तरीच्या पुढे, धोतर कडक इस्त्रीचं. त्यांनी सर्दीची गोळी मागितली, मग तोंड आल्यावर लावायचं मलम मागितलं आणि शेवटी आवाज खाली आणून पिंपल्सचं क्रीम.

"कोणाला हवंय क्रीम?" मी विचारलं.

"मलाच," आबा म्हणाले. "हसू नका."

हसू कशी नको? सत्तरीच्या माणसाच्या कपाळावर कॉलेजातल्या पोरासारखे फोड. नाक गळत होतं, डोळे लाल, आणि कानाखाली दोन्ही बाजूंनी गाल सुजलेले. मला अनुभवानं एक ठाऊक आहे, माणूस तीन तक्रारींची तीन औषधं मागतो तेव्हा तो चौथं काहीतरी घेत असतो आणि त्याचं नाव सांगत नसतो.

"आबा, तोंडाला चव कशी लागते?"

"तांब्याचा पैसा चोखल्यासारखी. तुम्हाला कसं कळलं?"

"थेंब किती घेता?"

आबा चपापले. मग लगेच छाती काढून म्हणाले, "आधी पाच घेत होतो, आता बारा. विष निघतंय, ताई! ग्रुपवर सगळे म्हणतात, निघू द्या."

"विष नाही निघत, आबा, आयोडीन निघतंय. तुमच्या नाकाडोळ्यांतून आणि कातड्यातून जिथून वाट मिळेल तिथून ते बाहेर पडतंय, कारण तुम्ही गरजेच्या कितीतरी पट आत ओतताय. कडक थेंबांतला एक थेंब म्हणजे महिनाभराचा शिधा, आणि तुम्ही रोज वर्षाचा शिधा रिचवताय!"

"पण मग सफाई?"

"आबा, मी तुमच्या घरात रोज पोतंभर माती आणून टाकली आणि तुम्ही ती झाडून काढलीत, तर त्याला सफाई म्हणाल का?"

दलाल माणूस, हिशेबी डोकं, पटलं. वर ते रक्तदाबाचे रोगी असून मीठपाणी पीत होते, त्यावरून तर मी त्यांना असं काही झापलं की नितीन आत निघून गेला. मी त्यांना एकही औषध दिलं नाही, थेंब बंद करायला लावले आणि डॉक्टरांकडे पाठवलं. आठ-दहा दिवसांत नाक थांबलं, कपाळ साफ झालं. आबांनी पेढे आणून दिले आणि बाजारात सांगत सुटले की मेडिकलवाल्या ताईंनी काहीही न देता बरं केलं. माझी मान जरा ताठ झाली, खोटं कशाला बोलू? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी आबांची गोष्ट ऐकवायची. एका माणसाला मात्र सांगितली नाही. लीलाअक्काला आयोडीनबद्दल काय सांगायचं? मला वाटायचं, ती तर आपलीच जोडीदार, तिला सगळं माहीत.

त्याच सुमारास अक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अमळनेरला झालं होतं. डोळ्यात घालायचे थेंब आमच्याच दुकानातून गेले होते. दिवसातून किती वेळा, मग हळूहळू कसे कमी करायचे, सगळं मी स्वतः कागदावर लिहून दिलं होतं. हे थेंब मध्येच सोडले तर डोळा बिघडतो.

संक्रांतीनंतर एके दिवशी, बाजाराचा दिवस, काउंटरवर ही गर्दी, आणि अक्काचा फोन आला.

"ताई, मी लीला. ते थेंब चालू शेतस ना, ते लागनात माले."

मी एका हातानं पाकीट बांधत होते. "लागले ना? बरं झालं की, अक्का. आता मध्येच बंद करू नका."

ती जरा थांबली. "बंद नको करू?"

"अजिबात नको. सांगितलेत तितके दिवस पूर्ण करा."

"बरं. तुम्ही सांगं तं ठेवस चालू."

झालं. अर्ध्या मिनिटाचा फोन. कुठले थेंब, हे मी विचारलं नाही, आणि कसे लागले, हेही विचारलं नाही. दुनियेला पोलिसासारखे प्रश्न विचारणारी मी, अक्काला एक विचारला नाही. ती थांबली होती, तेसुद्धा माझ्या कानावर पडलं होतं. पण समोरचा माणूस सुटे मागत होता आणि मी फोन ठेवला.

होळीच्या आठवडाभर आधी त्या गावची एक बाई दुकानात आली. जाता जाता म्हणाली, "अक्का वाळी गई वं ताई. वळखू येत नही." दुसऱ्या दिवशी सकाळीच मी एस.टी. धरली.

अक्कानं दार उघडलं. पोलकं अंगावर लोंबत होतं. हाडं वर आलेली, डोळे मोठे झालेले, आणि गळ्यावरची गाठ आता लपवू म्हटली तरी लपणार नाही अशी. बाहेर गार वारं असताना घरात पंखा गरगर फिरत होता आणि तिच्या कपाळावर घाम. पण हसली तशीच. "या, ताई. भरीत कयेल शे." दारातच मी विचारायला लागले तर म्हणाली, "पह्यले जेवा."

वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वरण-भात. भात सकाळीच रांधून ठेवलेला, निवलेला. आम्ही समोरासमोर बसलो. जेवायच्या आधी अक्कानं देवाच्या फळीवरून एक छोटी तपकिरी बाटली काढली आणि झाकणाच्या नळीनं पाण्याच्या पेल्यात थेंब सोडायला लागली. हात इतका थरथरत होता की एक थेंब पेल्याबाहेर पडला, तिच्या भातावर. आणि भात निळाकाळा झाला.

अक्का लहान मुलीसारखी हसली. "पास व्हयनं, ताई!"

माझा घास हातातच राहिला. पिठूळ पदार्थावर आयोडीन पडलं की निळं होतं, हे तर आम्ही दोघींनी मिळून शेकडो पोरांना दाखवलेलं.

"अक्का, हे थेंब कधीपासून घेताय?"

"दिवाळीपाशी. आंडोरनी आनी दिधात सुरतथून." आंडोर म्हणजे तिचा मुलगा.

"आणि फोनवर मला म्हणालात ते... हेच थेंब?"

"मंग कोनता?" तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं हळूच बाटलीचं झाकण लावलं.

मग तिनं सांगितलं ते असं. थेंब घ्यायला लागल्यावर महिना-दीड महिन्यानं छातीत धडधडायला लागलं. घाम, हातापायाला कापरं, पोट बिघडलेलं, झोप नाही. तंबाखू लागते ना, अगदी तसं. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, ग्रुपवर लिहिलंय, हे डिटॉक्स आहे, धीर धर. तिचा जीव धीर धरेना. "मी तं बंदच करनार व्हती. म्हनं, ताईले इचारी लेऊ एकदाव."

मी तिचं मनगट धरलं. नाडी नुसती जलद नव्हती, तिला ताळच नव्हता. दोन ठोके घाईघाईनं, मग एक चुकलेला, मग तीन एकदम. ताटं तशीच झाकून ठेवली आणि गावातली जीप ठरवली. जीपमध्ये बसल्या बसल्या तिच्या मुलाला, सुनीलला, फोन लावला. तो सुरतला कापड गिरणीत सुपरवायझर आहे. मी फोनवर ओरडायलाच लागले, "तुला आईच्या जिवाशी खेळायला कोणी सांगितलं रे?" तो बिचारा गडबडला आणि मग म्हणाला, "काकू, आयोडीन कमी पडलं की गाठ होते, हे मला आईनंच शिकवलं. तुम्हीच आमच्या शाळेत येऊन दाखवलं. म्हटलं, आयोडीन दिलं तर गाठ जाईल."

काय चुकलं त्याचं? आम्ही शिकवलं ते खरं होतं, फक्त अर्धं होतं. पूर्ण खरं असं की, वर्षानुवर्षं उपाशी राहिलेल्या जुन्या गाठीतले काही भाग कोणाचं ऐकेनासे झालेले असतात. मिठातलं आयोडीन त्यांना सोसतं. पण थेंबांचा पूर आला की ते मनाला येईल तेवढं काम करत सुटतात, आणि सगळं शरीर धावायला लागतं. म्हणजे आबांना जे झालं तो उपद्रव होता, थेंब थांबवले आणि संपला. अक्काला जे होत होतं ते जिवावरचं होतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. शाळेतल्या पोरांना सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून कधी सांगितलं नाही.

अमळनेरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि सरळ धुळ्याला पाठवलं. धुळ्याच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती, हुशार आणि फटकळ, मला आवडली. तिनं समजावून सांगितलं की हृदयाची लय बिघडलीय, अशात आत रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे गेली तर लकवा होतो. पुढचे काही दिवस काळजीचे. ठोके आवरायचं औषध, रक्त पातळ करायचं औषध, थायरॉईडला लगाम घालणाऱ्या गोळ्या, सगळं चालू झालं. आयोडीन तर बंदच, पण आत साठलेलं ओसरायला वेळ लागणार होता.

मग तिनं बाटली हातात धरून अक्काला विचारलं, "आजी, त्रास व्हायला लागल्यावर हे बंद का नाही केलं? कोणी सांगितलं चालू ठेवायला?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, हातात तिची पिशवी. तोंड उघडून "मी" एवढंच म्हणायचं होतं. माझी नोकरी गेली नसती, कोणी फाशी दिली नसती. पण मी उभी राहिले, गप्प.

"कोनी नही," अक्का म्हणाली. "मन्हाच मनले वाटनं."

डॉक्टरीण चिडून म्हणाली, "असं मनानं काही घेत जाऊ नका हो!" आणि मला म्हणाली, "मावशी, तुम्ही यातल्या आहात, तुम्ही तरी लक्ष ठेवा यांच्यावर." मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

पाच दिवस मी धुळ्यातच राहिले. मोठ्या वॉर्डातलं यंत्र टुकटुक करायचं आणि मी अक्काच्या मनगटावर बोटं ठेवून आपली आपण ठोके जुळतात का बघत बसायचे. यंत्र असताना हे कशाला, असं सिस्टर म्हणायच्या. चौथ्या दिवशी नाडी जरा वळणावर आली. सुनील सुरतेहून येऊन बसला होता, आईचे पाय चेपत, कोणाशी न बोलता. अक्का त्यालाच समजावत होती, "तुन्हा काय दोष?" तो शब्द माझ्या वर्मी बसला, कारण दोष कोणाचा हे त्या खोलीत तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

घरी आल्यावर मी औषधाच्या त्रासाची नोंद करायचा सरकारी फॉर्म भरला. असा फॉर्म असतो, आमच्यातले फार थोडे भरतात. कोणतं औषध, कधी सुरू, काय त्रास, कधी बंद. त्यात शेवटी जास्तीची माहिती लिहायला जागा असते. तिथं मी लिहिलं, 'त्रास सुरू झाल्यावर रुग्णाने फोन करून विचारले होते. चालू ठेवण्यास मी सांगितले.' लिहिलं आणि धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनाही फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंत, सांगितलंत." पण जिला सांगायला हवं तिला सांगितलं नव्हतं. दर आठवड्याला फोन करायचे, गोळ्यांची चौकशी करायचे आणि फोन ठेवायचे.

वैशाखात अक्का स्वतः दुकानात आली. सुनील सोबत नाही, एकटी, एस.टी.नं. अंगावर जरा मांस चढलं होतं, हाताचं कापरं गेलेलं. गाठीचं ऑपरेशन करायचं की काय, ते डॉक्टर पुढं बघणार होते. गोळ्या मात्र चालू. तिनं चिठ्ठी पुढं केली आणि मला गावची बातमी दिली. म्हणे, तिची हकीकत ऐकून दोन-तीन घरांनी घाबरून पुडीचं मीठच टाकून दिलं होतं. ही आजारी बाई घरोघर जाऊन भांडून आली, मीठ चांगलं, थेंब वाईट, दोन्हीची गल्लत करू नका. "बठ्ठास्ना मीठले परत पास कये," म्हणाली, बठ्ठास्ना म्हणजे सगळ्यांच्या. तीच अक्का, जराही बदललेली नाही.

मी काउंटरच्या आतून बाहेर आले. नितीनला म्हटलं, जरा बघ रे दुकान. अक्काच्या शेजारी बाकावर बसले. उन्हाची झळ थेट आत येत होती.

"अक्का, एक सांगायचं आहे. तुमचा फोन आला होता ना, संक्रांतीनंतर..."

"माले ठाऊक शे."

"नाही, ऐका तर. मला वाटलं, तुम्ही डोळ्याच्या थेंबांचं बोलताय. आणि लागले म्हणजे गुण आला असं वाटलं. मी विचारलंच नाही. आणि धुळ्याला डॉक्टरांनी विचारलं तेव्हासुद्धा..." चारचौघांत मी रडत नाही, पण त्या दिवशी रडले. एक गिऱ्हाईक खोकल्याचं औषध घ्यायचं सोडून माझ्याकडे बघत राहिलं.

अक्कानं माझा हात आपल्या मांडीवर घेतला. तिची बोटं आता स्थिर होती.

"ताई, भात निळा व्हयना ना, तव्हयच माले समजनं. तुमनं तोंड देखं मी." आणि मग ती हसली, दात नसलेल्या बाजूनं, अगदी मीटिंगमध्ये हसायची तशी. "दवा नही लागनी वं ताई. तुमना शब्द लागना."

ती गोळ्यांची पिशवी घेऊन उठली, उन्हात पदर डोक्यावर ओढला आणि स्टँडकडे चालू लागली. तेव्हापासून दुकानात कोणीही म्हणालं की औषध लागलं, तर मी लगेच विचारते, कसं लागलं, नीट सांगा. नितीन हसतो. अक्काला मात्र मी अजून विचारलेलं नाही, शब्द लागला म्हणजे कसा लागला.